मूल हरपल्यानंतरची रजा आणि मनुष्यबळ विभाग

गर्भपात, मृत मुलाचा जन्म आणि ठरत आलेले दत्तकविधान फिसकटणे या तिन्ही प्रसंगांत कर्मचाऱ्याने वाट पाहिलेले मूल हरपते. कायद्याचा आधार मात्र तिन्हींत सारखा नाही.

गर्भपातानंतर पुरावा सादर केल्यास सहा आठवड्यांची भरपगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमाने दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. त्या काळात त्या स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई आहे. त्यातून आजारपण उद्भवल्यास आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळते. 1961 च्या अधिनियमाने 26 व्या आठवड्यापर्यंत गर्भ पडणे हा गर्भपात मानला आणि अपत्याच्या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही धरले. म्हणून मृत मुलाच्या जन्मानंतर प्रसूतीची रजा लागू होते. ‘मूलच नाही, मग रजा कशाला’ हा कार्यालयीन युक्तिवाद कायद्याला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. दिवस बरेच भरले असतील तर मूल गेल्यावरही आईला दूध येते. शरीराला प्रसूतीनंतरची विश्रांती लागतेच.

वडिलांसाठी आणि फिसकटलेल्या दत्तकविधानासाठी कायद्यात स्वतंत्र रजा नाही. न्यूझीलंडने 2021 मध्ये गर्भपातानंतर जोडीदारालाही तीन दिवसांची शोकरजा दिली. ते मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळतो. आपल्याकडील आस्थापनांना अशी तरतूद स्वतःच्या रजा नियमांत करता येते, आणि ती करायलाच हवी.

रजा मंजूर झाली तरी मनुष्यबळ विभागाचे काम संपत नाही. वैद्यकीय कागद एकाच अधिकाऱ्याकडे राहावेत. हजेरीपटावर आणि वरिष्ठांना पाठवलेल्या निरोपात रजेचे कारण नसावे. सहकाऱ्यांना काय सांगायचे, की काहीच सांगायचे नाही, हे त्या व्यक्तीने ठरवावे. गरोदरपणाची बातमी आधीच पसरली असेल तर तिच्या संमतीने एकानेच सर्वांना कळवावे, म्हणजे परतल्यावर तिला प्रत्येकाला उत्तर द्यावे लागणार नाही. कार्यालयातील ओटीभरण किंवा बारशाच्या वर्गणीत सहभागाची सक्ती नसावी. सुरुवातीचे काही आठवडे कामाचे तास आणि रात्रपाळी तिच्याशी बोलून ठरवावी. या काळातील घटलेले काम वार्षिक मूल्यांकनात तिच्या विरोधात मोजू नये.

पुन्हा दिवस राहिले किंवा दत्तकासाठी पुन्हा प्रतीक्षा सुरू झाली, तर आनंदाबरोबर धास्तीही असते. तपासण्यांसाठी आणि दत्तक संस्थेतील भेटींसाठी विनासायास सुटी मिळेल, हे विभागाने तिला आधीच सांगून ठेवावे.