हा डबा चावते, म्हणाली आणि आम्ही हसलो



अकोल्याला माझ्या माहेरी २००९ साली घेतलेला कॉम्प्युटर अजून चालू आहे. पडदा दोनदा बदलला, कीबोर्ड किती बदलले त्याची गणती नाही, पण टेबलाखालचा लोखंडी डबा तोच. तो ठेवण्याचं कारण बाबांची वही. बाबांनी हाताने उतरवून ठेवलेल्या आरत्या आणि भजनं वहिनीने दोन चातुर्मास बसून त्यावर टाइप केली, पण तेव्हाच्या फॉन्टमध्ये. नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन आणि भलत्याच खुणा दिसतात. त्यामुळे "फेकून द्या आता" असं कोणी म्हटलं की वहिनी पदर खोचून उभी राहते.

मागच्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा हा डबा फारच बोलायला लागला होता. आतून खरखर, मधूनच टिक टिक, आणि स्पीकर लावला की घूंऽऽ असा एकसारखा आवाज. दादा म्हणाला, "म्हातारा झाला, कण्हणारच." दादाची नात चार वर्षांची. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्याआजी, हा डबा चावते." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मला शहाणी ठरायचं नाही.

दुपारी भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "पोरगी खोटं नाही बोलत. दोन वर्षं झाली, हात लागला की मुंग्या येतात. मी पाटावर पाय ठेवून बसते." टेबलाखाली वाकून पाहिलं. खरंच, जेवायचा जुना पाट तिथे ठेवलेला. दादाला तिने सांगितलं होतं. त्याने सांगितलं, हिवाळ्यात स्वेटर काढताना लागतो तसा असेल. एप्रिलात, अकोल्यात, स्वेटर!

मला त्या पाटाचा राग आला. आपण बायका असंच करतो. गॅसचा बर्नर नीट पेटत नसेल तर मान तिरपी करून पेटवायची सवय लावून घेतो. मशीन हाताला चुरचुरलं तर चप्पल घालतो. यंत्र दुरुस्त करायचं सोडून स्वतःलाच वळण लावतो.

मेकॅनिक येऊन गेला होता. "एसएमपीएस गेला समजा," म्हणाला आणि अकराशे रुपयांना नवा बसवून गेला. घूं तसंच राहिलं, चावणंही. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "आता बोर्डच बदला, नाहीतर नवाच घेऊन टाका ना बापा." तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला डबा दाखवला, त्याने डबा पाहिला.

आम्ही बी.कॉम.ला तेरीज मांडायचो, म्हणजे ट्रायल बॅलन्स. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर वही फाडत नसू. फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा आणि एकेक खातं तपासत जायचं. इथेही तेच केलं. आधी स्पीकरची पिन काढली. घूं थांबलं, खरखर आणि टिक टिक राहिली. म्हणजे निदान दोन वेगळी खाती. वर्तमानपत्राची सुरळी करून एक तोंड कानाला आणि दुसरं डब्याच्या जाळीजवळ धरलं की खरखर मागच्या पंख्याची, हे सरळ कळतं.

पंख्याची खरखर म्हणजे धूळ आणि वाळलेलं वंगण. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पंखा आधीच जोरात फिरतो, त्यात जाळी बुजली की त्याची दमछाक. प्लग भिंतीतून काढून, डब्याची बाजू उघडून, रंगकामाच्या मऊ ब्रशने साफ करता येतं. आत कोळी होते, आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी. दुकानात सरळ ब्लोअर मारतात. आपण आधी ब्रशने, यत्नाचाराने, जीव बाजूला करून मग धूळ काढावी. एवढा वेळ आपल्याकडे असतो. ब्लोअर मारलाच तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठलेली राहू शकते.

टिक टिक हा खरा घाबरण्याचा आवाज. हार्ड डिस्कची तबकडी बहुतेक मिनिटाला ७,२०० फेरे घेते, आणि तिच्यावरचा वाचणारा काटा जागा न सापडून मागे येतो, पुन्हा जातो, पुन्हा मागे येतो. तो आवाज ऐकला की कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून पाहायचा नाही. जे हवं ते आधी उतरवून घ्यायचं. बाबांची वही तेव्हा आणखी कुठेही नव्हती. म्हणून मी म्हटलं, हा डबा मी अमरावतीला नेते. माझा मुलगा सगळं उतरवून घेईल.

गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, स्पीकरसकट. रस्ता तोच, ज्याचं २०२२ साली ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. डबा काही हादरला नाही.

घरी आणून लावला. मुलाने फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, वहीची छापील प्रतही काढली. बारा वर्षांचा नातू कान झाकून म्हणाला, "आजी, हा किती शिटी मारतो." मला काहीच ऐकू येईना. वयाबरोबर बारीक, उंच आवाज कानाला लागेनासे होतात. कॉम्प्युटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांची थरथर लहान मुलांना ऐकू येते आणि आपण म्हणतो, पोराचे कान वाजत असतील. ती शिटी सहसा निरुपद्रवी असते. पण त्या दिवशी दुसऱ्यांदा वाटलं, मुलांना हसायची घाई नको.

मग लक्षात आलं, आपण मघापासून स्पीकर लावून बसलोय आणि घूं नाही. डब्याला हात लावला. काहीच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून लावला (तुम्ही असं करू नका, हा मूर्खपणा होता). तरीही काही नाही.

तोच डबा, तोच स्पीकर, त्याच वायरी. बदलली फक्त भिंत.

दादाला फोन केला. म्हटलं, कॉम्प्युटरवाल्याला नाही, वायरमनला बोलाव. मीही डबा घेऊन परत गेले. वायरमन आला, होल्डरमधला बल्ब आणि दोन वायरी घेऊन. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये लावला तर काळाच. स्वयंपाकघरात तेच, न्हाणीघरात तेच. "ताई, याले अर्थिंगच नाही ना," तो म्हणाला. दादा म्हणे, आहे ना, घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणात खड्डा केला होता. होता. सहा वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा तो खड्डा खाली गेला.

अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत पाइप किंवा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. ओल असेल तरच वीज मातीत जिरते. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तेव्हा वरून पाणी घालावं लागतं. त्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यातून जाणारा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. खारट जमिनीत वीज चांगली मुरते, पण लोखंड लवकर सडतं. फरशी फोडून पाहिलं तर वायर पाइपापासून गळून पडलेली होती.

माझे सासरे दर उन्हाळ्यात तुळशीमागच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावायचे. म्हणायचे, जमिनीला पण तहान लागते. मी तीस वर्षं ओतलं, कशासाठी ते विचारलं नाही.

आता चावण्याचं कारण. एसएमपीएसमध्ये विजेतला खडखडाट गाळायला लहान कपॅसिटर असतात. ते थोडीशी वीज अर्थच्या वायरीत सोडतात, तशी रचनाच असते. अर्थ नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे निम्मा दाब राहतो. प्रवाह फार थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. स्पीकरचं घूं त्यातूनच. डब्यावर हात ठेवला की ते कमीजास्त व्हायचं, हे वहिनीने केव्हाच पाहिलेलं.

पण भीती त्या मुंग्यांची नाही. अर्थची वायर घरभर सगळ्या प्लगना जोडलेली आणि जमिनीपासून तुटलेली, असं असेल तर उद्या गिझरचं कॉइल फुटून वीज त्याच्या अंगावर आली की ती वॉशिंग मशीनच्या, फ्रिजच्या आणि त्या डब्याच्याही पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्टने येते. जमिनीकडे वाटच नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. पुसलेल्या फरशीवर अनवाणी पोरगी हात लावेल, तेव्हा वाट तिच्या अंगातून. नवा कॉम्प्युटर घेतला असता तर तोही त्याच भिंतीत लावला असता, आणि नवा म्हणून कोणी संशयही घेतला नसता.

म्हणून माझं स्पष्ट मत: यंत्राला हात लावल्यावर घरातली कोणीही, मग ती चार वर्षांची असो की भांडीवाली बाई, "चुरचुरतं" म्हणाली तर ते खरं धरायचं आणि आधी भिंत तपासायची. आणि हे काम आपणच पुढे होऊन करून घ्यायला हवं, कारण ओल्या हाताने मशीनला, मिक्सरला, गिझरला हात आपला लागतो. घरातल्या पुरुषांना ते कधी टोचतच नाही. ते पायात चपला घालून येतात, बटण दाबतात आणि जातात.

वायरमन आला की त्याला बल्ब लावून दाखवायला सांगा, तुम्ही स्वतः वायरी हातात घेऊ नका. प्लगमधली वरची जाड पिन अर्थची. ती लांब असते, कारण ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. बोर्डात बसत नाही म्हणून ती कोणी कापली असेल तर तो प्लग बदला. स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डाला छिद्रं तीन आणि आत वायरी दोनच, असंही असतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागताच पुरवठा तुटतो. तो अर्थिंगच्या बदली नव्हे, सोबत हवा. नुसत्या एमसीबीने हे काम होत नाही, पुष्कळांचा तिथे गैरसमज असतो.

दादाकडे नवीन पाइप पुरला, फरशीत पाणी घालायला लहानसं झाकण ठेवलं. चार फरश्या फुटल्याचं त्याला अजून वाईट वाटतं. डिस्क बदलली. घूं गेलं. पाट वहिनीने घासून पुसून परत स्वयंपाकघरात नेला. पंख्याची खरखर साफ करूनही थोडी राहिलीच आहे. नवा बसवू, दिवाळीनंतर, असं दादा म्हणतो.