बोर्डाला तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं नसतंय, जुन्या घरातला हा धोका समजून घ्या

वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून चप्पल घालूनच कपडे काढायचे. जुन्या चाळीत, वाड्यात राहिलेल्यांना हा नियम माहितीच असेल. घरात सगळ्यांना सवय झालेली असते आणि पाहुण्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

पण या झिणझिण्या म्हणजे मशीनच्या पत्र्यावर करंट येतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही.

दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. चर्चा होते ती भिंतींची, स्लॅबची आणि पुनर्विकासाची. स्विचबोर्डाबद्दल कोणी बोलत नाही. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी १० हजारांहून जास्त लोकांचा जीव जातो. यात शेत, रस्ता, कारखाना आणि घर सगळंच आलं.

जुन्या घरात नेमकी अडचण काय?

ही घरं बांधली तेव्हा वीज लागायची ती दिवा, पंखा आणि फार तर रेडिओसाठी. लाकडी पट्टीवरून दोनच वायरी फिरवल्या जायच्या, फेज आणि न्यूट्रल. पुढे फ्रीज आला, गीझर आला आणि दोन पिनांचा बोर्ड काढून तीन पिनांचा बसवला गेला. मागे वायरी मात्र दोनच राहिल्या. वरचं मोठं भोक नुसतं शोभेला.

पिनेतला तो मोठा खांब उपकरणाच्या धातूच्या भागाला जोडलेला असतो. आत वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट त्या वाटेने जमिनीत जावा, म्हणून ही सोय. वाट नसेल, तर पुढे हात लावणारा माणूसच वाट होतो.

सगळ्यात धोकादायक जुगाड

"अर्थिंग नाही? काळजी नको, न्यूट्रलवरून लूप मारून देतो." असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

न्यूट्रल आणि अर्थिंग बोर्डातच जोडलं तर सुरुवातीला सगळं ठीक चालतं. मीटर लावून तपासलं तरी आकडे बरोबर दिसतात. पण जुनी न्यूट्रल वायर कुठे तुटली किंवा सैल झाली, की फ्रीजच्या सगळ्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. फ्रीज बिघडलेला नसतानाही. म्हणून नुसत्या टेस्टरवर विश्वास नको, बोर्ड उघडूनच बघायला सांगा.

पाण्याच्या नळाला वायर जोडणं हाही उपाय नाही. मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप टाकला असेल तर वाट तिथेच संपते आणि करंट शेजारच्या नळावर जातो.

"आमच्याकडे एमसीबी आहे की!"

एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरपेक्षा जास्त करंट लागतो. साधा पंखा साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतो आणि माणसाचा जीव जायला त्याहूनही कमी पुरतो.

त्यासाठी असतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो बघतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. तेवढी गळती झाली की क्षणात वीज बंद. मुख्य म्हणजे अर्थिंग नसलं तरी तो काम करतो. फक्त धक्का आधी बसतो आणि मग वीज तुटते, त्यामुळे तो अर्थिंगची जागा घेत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तरी तो वाचवणार नाही. आणि बोर्डात न्यूट्रलचा लूप असेल तर मशीनमधली गळती त्याला दिसतच नाही.

मग करायचं काय?

१. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून सगळे बोर्ड तपासून घ्या. लूप सापडला तर काढायला लावा.

२. मेन बोर्डात आरसीसीबी बसवा आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. तो सारखा पडत असेल तर बायपास करू नका, गळती शोधा.

३. मग हिरवी अर्थिंगची वायर ओढा. आधी गीझर, वॉशिंग मशीन, फ्रीज. तोवर गीझर बंदच ठेवलेला बरा.

४. अर्थिंगचा खड्डा एकट्याला जमत नसेल तर मालकाशी बोला किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून करा. वायरचं कव्हर हात लावताच तुटत असेल तर वायरिंगच बदलावं लागेल.

पागडीच्या घरात यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "बिल्डिंग आज ना उद्या पडणारच, मग खर्च कशाला?" पुनर्विकासाची फाइल किती वर्षं फिरेल हे कोणाच्याच हातात नाही. आरसीसीबी मात्र एका दिवसात बसतो, आणि नव्या घरात जाताना काढून नेता येतो.

तुमच्या घरात चप्पल घालून मशीनला हात लावायचा नियम असेल, तर आज नियम पाळत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला फोन लावा.