मैदानाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवालयांसाठी राखून ठेवलेला आहे. सभामंडप खचला, शिखराला तडे गेले, की गावकरी वर्गणी काढतात आणि जुने दगड उतरवून नवे बसवितात. या साऱ्या खटाटोपात एक पथ्य मात्र पाळले जाते. गाभाऱ्यातील मूर्तीचे स्थान सहसा हलवीत नाहीत. मंडप कितीही भव्य झाला, तरी तो मूर्तीसाठी असतो. क्रीडांगणांच्या नूतनीकरणाच्या वार्ता हल्ली वारंवार वाचनात येतात, तेव्हा हे पथ्य आम्हांस हटकून आठवते. म्हणून या महिन्यात सातासमुद्रापलीकडील दोन रग्बी मैदानांची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रग्बी हा खेळ आपल्या घरांतून फारसा परिचयाचा नाही. लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूस १५ गडी, आणि चेंडू हाताने द्यावयाचा तर तो पुढच्या सोबत्याकडे देता येत नाही असा नियम. असा हा धसमुसळा खेळ असला, तरी तो आपल्या देशाला अगदीच परका नाही. कलकत्त्यातील इंग्रजांचा फुटबॉल क्लब १८७८ च्या सुमारास मोडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यामध्ये १८७९ पासून त्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंज होत आली आहे. मुंबईच्या जिमखान्याच्या ज्या मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी शतक झळकाविले, तेथेही पावसाळ्यात रग्बीचे सामने रंगत आले आहेत.

आता पहिली हकिगत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात बॅलीमोर नावाचे मैदान आहे. १९६० च्या दशकापासून ते क्वीन्सलंड प्रांताच्या रग्बीचे माहेरघर. १९८७ मध्ये रग्बीची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा उपान्त्य फेरीतील न्यूझीलंड विरुद्ध वेल्स हा सामना याच मैदानावर झाला आणि न्यूझीलंडने तो ४९–६ असा एकतर्फी जिंकला. पुढे त्याच शहरातील लँग पार्क हे मैदान नव्याने बांधले गेले. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय तेथे झाली आणि मोठे सामने तिकडे गेले. घरातील कर्ती मंडळी परगावी गेल्यावर जुन्या वाड्याची जी अवस्था होते, ती बॅलीमोरच्या वाट्याला आली.

अशा मैदानाचे करावयाचे काय? शहरातील मोक्याच्या जागेला दुसरे उपयोग सुचविणारे सर्वत्र असतात. येथे मात्र एक जुनी प्रेक्षकसज्जा उतरवून तिच्या जागी राष्ट्रीय रग्बी प्रशिक्षण केंद्र उभारण्यात आले. केंद्र व प्रांत या दोन्ही सरकारांनी निधी दिला आणि २०२३ मध्ये ते खुले झाले. व्यायामशाळा, दुखापतींवरील उपचारांची सोय, स्त्री-खेळाडूंचाही विचार करून बांधलेली कपडे बदलण्याची दालने, अशी त्याची रचना आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महिला रग्बी संघाचे ठाणे आता येथेच आहे. पाहणाऱ्यांची जागा कमी झाली आणि खेळणाऱ्यांची वाढली, असे थोडक्यात म्हणता येईल.

दुसरी हकिगत न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चची. तेथील लँकॅस्टर पार्क १८८१ पासूनचे. रग्बी आणि क्रिकेट ही दोन्ही दैवते तेथे एकत्र नांदली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे बटाटे पिकविले गेले, आणि युद्धात पडलेल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ पुढे प्रवेशद्वार उभारण्यात आले. न्यूझीलंडने आपला पहिला कसोटी सामना जानेवारी १९३० मध्ये येथेच खेळला. आपल्या वाचकांतील क्रिकेटवेड्यांना आणखी एक प्रसंग आठवेल. फेब्रुवारी १९९० मध्ये रिचर्ड हॅडली यांनी आपला ४०० वा कसोटी बळी याच मैदानावर टिपला, आणि तो बळी होता आपल्या मुंबईच्या संजय मांजरेकरांचा. कसोटीत ४०० बळींचा टप्पा तोवर कोणीच गाठला नव्हता.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी त्या शहराला भूकंपाचा भीषण धक्का बसला. १८५ माणसे दगावली. मैदानाखालची जमीन पाण्यासारखी प्रवाही झाली आणि सज्जांचे पाये हादरले. त्याच वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेतील या शहराच्या वाट्याचे सातही सामने इतरत्र हलवावे लागले. डागडुजी करावी की पाडावे, यावर वर्षानुवर्षे खल झाला, आणि अखेर २०१० मध्येच उभारलेल्या नव्याकोऱ्या सज्जेसह सारे बांधकाम उतरविण्यात आले. युद्धस्मारकाचे प्रवेशद्वार तेवढे जतन केले गेले. २०२२ मध्ये ती जागा सर्वांसाठी क्रीडांगण म्हणून पुन्हा खुली झाली. जेथे तिकीट काढून सज्जात बसावे लागे, तेथे आता परिसरातील मुले खेळू शकतात.

या दोहोंत कोणता मार्ग श्रेष्ठ, असे वाचक विचारतील. बॅलीमोरच्या मार्गाने निवडक खेळाडू तयार होतात. लँकॅस्टर पार्कच्या मार्गाने खेळणारा समाज तयार होतो. एकावाचून दुसरे टिकत नाही, असे आमचे मत आहे. आणि नुसत्या हिरवळीने सारे भागते, असेही नव्हे. ख्राइस्टचर्चच्या नागरिकांना मोठे सामने हवेच होते, म्हणून शहराच्या मध्यभागी छपराचे नवे स्टेडियम बांधण्याचे ठरले. प्रेक्षकांचा पैसा आल्यावाचून मोठा खेळ चालत नाही, हे व्यवहाराचे सत्य आहे. परंतु दोन्ही ठिकाणी मंडप उतरला आणि गाभारा जागच्या जागी राहिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खेळण्याची भूमी खेळण्यासाठीच राहिली.

आपल्याकडे मोठे सामने निघून गेल्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर २५ डिसेंबर १९९७ रोजी भारत व श्रीलंका यांच्यातील सामना खेळपट्टी धोकादायक ठरल्याने अवघ्या तीन षटकांत सोडून द्यावा लागला. २००६ पासून इंदूरचे आंतरराष्ट्रीय सामने, आज होळकरांचे नाव मिरविणाऱ्या, दुसऱ्या स्टेडियमवर होऊ लागले. आंतरराष्ट्रीय सामने गमावलेल्या मैदानाला काही काम उरते की नाही, हा प्रश्न म्हणूनच आपल्याही अंगणातला आहे. गावोगावची मैदाने आज लग्नाचे मांडव, प्रदर्शने आणि फटाक्यांची दुकाने यांना भाड्याने दिली जातात. मांडव उठतो, पण खुंटांचे खड्डे आणि खिळे मागे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी धावणाऱ्या मुलाच्या पायात ते रुततात.

ही चिंता आम्ही केवळ वर्तमानपत्रे वाचून करीत नाही. आमच्या शाळेचे मैदान एके काळी आजच्या दुप्पट होते. वर्गखोल्या वाढत गेल्या, मैदान आक्रसत गेले. खोल्याही हव्याच होत्या, म्हणून कोणाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. मात्र एक गोष्ट मनाला डाचते. पाचवी-सहावीत खो-खोच्या मैदानावर वाऱ्यासारख्या धावणाऱ्या मुली आठवी-नववीत एकाएकी बाजूला बसू लागतात. त्यांचा उत्साह ओसरतो, असे बरेच लोक म्हणतात. आम्ही त्यांतील काहींना आमच्या शिक्षिकांकरवी विचारविले, तेव्हा उत्तर साधे निघाले. खेळून घामाघूम झाल्यावर कपडे बदलावयास आडोसा नाही, हातपाय धुवावयास पाणी नाही, आणि तसेच वर्गात जाऊन बसण्याचा त्यांना संकोच वाटतो. बॅलीमोरच्या वर्णनातील ती दालने वाचताना आम्ही थबकलो ते यामुळेच. कोट्यवधींच्या त्या योजनेतील एवढा एक भाग दोन भिंती, एक दार आणि एक नळ इतक्या खर्चात आपल्या कोणत्याही शाळेला उचलता येईल.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण आपापल्या गावी मंडळांचे, संस्थांचे, पालक-समित्यांचे काम पाहतात. आपल्या गावातील एखाद्या जुन्या मैदानाच्या नूतनीकरणाचा आराखडा उद्या आपल्यापुढे येईल. त्यात किती हजार माणसे बसतील, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल. रोज सायंकाळी किती मुले खेळतील, फाटक किती वाजता उघडेल, आणि मुलींसाठी खोली कोठे आहे, हे आपण विचारून घ्यावे. उत्तर मिळेपर्यंत आराखड्यावर सही करू नये. आमच्या शाळेपुरते सांगावयाचे, तर मैदानाच्या कडेला असलेली पडकी कोठी या सुटीत त्या कामी लावण्याचे ठरले आहे. नळाची जोडणी तेवढी व्हावयाची आहे.