आधी इंजिन, मग खर्च, शेवटी दुर्मीळपण

1997 साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शने नवी 911 लोकांसमोर आणली आणि कंपनीचे जुने चाहते हिरमुसले. 1963 मध्ये याच शहरात पहिल्यांदा दिसलेल्या 911 चे इंजिन तोवर कायम हवेने थंड होत आले होते. 996 या अंतर्गत क्रमांकाच्या नव्या गाडीत मात्र ते पाण्याने थंड होणार होते. त्यातच पुढचे दिवे कंपनीच्या स्वस्त बॉक्स्टरसारखेच होते. त्या दिव्यांच्या आकाराला तळलेल्या अंड्याची उपमा मिळाली आणि ती कायमची चिकटली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्श आर्थिक संकटात होती. दोन गाड्यांत सुटे भाग सामायिक करून खर्च वाचवला नसता, तर कंपनीचे स्वातंत्र्य टिकणे कठीण होते. चाहत्यांनी हे कारण समजून घेतले, पण गाडीला क्षमा केली नाही.

त्याचा परिणाम जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही दिसतो. 996 च्या आधीची, हवेने थंड होणारी 993 संग्राहकांच्या हाती गेली आणि तिची किंमत चढत राहिली. साधी 996 मात्र अमेरिकेत अनेक वर्षे नव्या कौटुंबिक सेदानच्या किमतीत मिळत होती. सुमारे पावणेदोन लाख गाड्या बनल्यामुळे ती दुर्मीळही नव्हती. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला संग्राह्यता, खर्च आणि भरवसा या तीन गोष्टींचा हिशेब करावा लागतो, आणि 996 मध्ये या तिन्ही गोष्टी तीन दिशांना ओढतात. म्हणून या प्रश्नाचा विचार तिच्यापासून सुरू करणे सोयीचे आहे.

तिच्या बदनामीत दिव्यांपेक्षा मोठा वाटा एका बेअरिंगचा आहे. साध्या 996 आणि बॉक्स्टरच्या इंजिनात क्रँकशाफ्टकडून फिरणारा एक मधला शाफ्ट असतो आणि त्यावरून कॅमशाफ्टच्या साखळ्या चालतात. या शाफ्टच्या एका टोकाला ग्रीस भरून बंद केलेले बॉल बेअरिंग आहे. वर्षे जातात तसे सील ढिले पडते, आत तेल शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि बेअरिंग झिजू लागते. ते फुटले की शाफ्ट डगमगतो, टायमिंग चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन निकामी होते. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचे बेअरिंग होते. 2000 च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. 2001 ते 2005 या काळातील गाड्यांबाबत 2013 मध्ये तडजोड झाली. त्या दाव्याच्या निमित्ताने सर्वत्र उद्धृत झालेले आकडे असे: एकेरी बेअरिंग निकामी होण्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के, दुहेरीचे एक टक्क्याहून कमी.

8 टक्के ही जोखीम लहान नाही. पण तिचे स्वरूप नीट पाहायला हवे. हा एक ठरावीक भाग आहे, त्याची जागा माहीत आहे, आणि सुधारित बेअरिंग बाजारात मिळते. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच बदलतानाही तो उतरवावाच लागतो, त्यामुळे जाणते मालक दोन्ही कामे एकदमच करून घेतात. असे काम झाल्याची पावती असलेली 996 आणि पावती नसलेली 996 यांच्या भवितव्यात मोठा फरक आहे. किमतीत मात्र तितका फरक पडत नाही. बाजाराने एका बेअरिंगची भीती सगळ्या गाड्यांवर सारखी वाटून टाकली आहे. गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याची संधी नेमकी इथे आहे. संग्राहक जिथे नाक मुरडतात आणि दोष जिथे नावानिशी ठाऊक आहे, तिथे त्याने शोध घ्यावा. गाडीच्या किमतीत दुर्मीळपण आणि प्रतिष्ठा आधी मोजली जाते, धातूची अवस्था नंतर.

याच पिढीतील टर्बो आणि जीटी3 या गाड्या या नियमाला अपवाद आहेत. त्यांत हान्स मेत्झगर यांच्या नावाने ओळखले जाणारे, शर्यतींच्या परंपरेतून आलेले इंजिन आहे. बेअरिंगचा तो दोष त्यात नाही. भरवसा आणि संग्राह्यता इथे एकत्र आल्या आहेत आणि बाजाराने दोन्हींचे दाम लावले आहेत. पैसा असेल तर या गाड्या उत्तमच. पण त्यांत कुणाच्या नजरेतून सुटलेले असे काही नाही.

खर्चाचा विचार बहुतेक लोक खरेदीच्या आकड्यावर थांबवतात. फेरारी एफ355 हे त्यावरचे जळजळीत उदाहरण. 1994 ते 1999 या काळात बनलेली ही गाडी देखणी आहे. दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेल्या तिच्या व्ही8 इंजिनाचा आवाज ऐकून अनेकांनी हिशेब गुंडाळून ठेवला. पण तिचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी इंजिन गाडीतून खाली काढावे लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जाणे आणि व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजणे या तिच्या जुन्या तक्रारी आहेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. नंतरच्या 360 मध्ये इंजिन न उतरवता बेल्ट बदलण्याची सोय झाली आणि 2004 च्या एफ430 मध्ये बेल्ट जाऊन साखळी आली. म्हणजे फेरारीच्या अभियंत्यांनाही ही अडचण पटली होती. एफ355 घेऊच नये असे नाही. मात्र पुढच्या बेल्टचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय ती घेणाऱ्याला गाडीची खरी किंमत कळलेली नसते.

संग्राह्यतेच्या बाजूनेही एक वजनदार युक्तिवाद केला जातो. दुर्मीळ गाडीची किंमत टिकते, कधी वाढतेही, म्हणून देखभालीचा खर्च विक्रीच्या वेळी भरून निघतो. या म्हणण्यात तथ्य आहे. होंडाच्या पहिल्या एनएसएक्सचे मालक त्याचे जिवंत पुरावे आहेत. 1990 मध्ये आलेली ही गाडी संपूर्ण ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची होती, तिच्या व्ही6 इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड होते आणि तिच्या जडणघडणीत आयर्टन सेनाच्या सूचनांचा वाटा होता. 2005 पर्यंत जगभरात अठरा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. रोज वापरता येणारी ही सुपरकार पुढे संग्राहकांचीही लाडकी झाली.

पण एनएसएक्सला हे भाग्य लाभेल हे 1995 किंवा 2000 साली कुणी ठामपणे सांगू शकले नसते. उलट ज्या गाड्यांबद्दल लोकांनी ते ठामपणे सांगितले, त्यांची कहाणी वेगळी आहे. 1988 मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले, फेरारीच्या किमती भराभर चढल्या आणि 1990 नंतर कोसळल्या. त्याच लाटेत जग्वारच्या एक्सजे220 साठी लोकांनी 50,000 पौंड अनामत भरली. त्यांतल्या अनेकांना ती चालवण्यापेक्षा पुढे विकण्यात रस होता. मूळ आराखड्यातील व्ही12 इंजिनाच्या जागी टर्बो व्ही6 आले, चारही चाकांना मिळणारी शक्ती फक्त मागच्या चाकांवर आली, आणि दरम्यान मंदीही आली. अनेकांनी गाडी घ्यायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. 350 गाड्यांचे नियोजन होते. प्रत्यक्षात तीनशेही बनल्या नाहीत. ताशी 200 मैलांहून अधिक वेगाची आणि इतकी दुर्मीळ गाडी पुढे दीर्घकाळ मूळ किमतीच्या कितीतरी खाली विकली जात होती. कितीतरी वर्षांनी कुठे तिचे दाम सावरले. इतकी वर्षे थांबण्याची ताकद सामान्य खरेदीदारात नसते आणि त्याने तशी अपेक्षाही ठेवू नये.

शिवाय वाढलेली किंमत हाती पडण्यासाठी गाडी फारशी चालवायची नसते. किलोमीटर वाढले की संग्राहकाचा भाव उतरतो. म्हणून गाडी झाकून ठेवली जाते आणि तिच्या भरवशाला तिथूनच कीड लागते. रबराचे सील कोरडे पडतात, टायर कडक होतात, ब्रेक ऑइल ओलावा शोषते, पेट्रोल शिळे होते. बेल्टचे आयुष्य किलोमीटरसोबत वर्षांतही मोजले जाते, त्यामुळे उभ्या गाडीचाही तो खर्च चुकत नाही. 996 च्या बेअरिंगबाबतही अनुभवी मेकॅनिकांचे मत असेच आहे: नियमित चाललेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी अधिक सुरक्षित. म्हणजे अवघी वीस हजार किलोमीटर चाललेली जी गाडी जाहिरातीत सर्वांत आकर्षक दिसते, तीच इंजिनाच्या दृष्टीने अधिक धोक्याची असू शकते. जास्त चाललेली, पण जाड फाइल असलेली गाडी घेणारा कमी पैशांत अधिक खात्री विकत घेतो.

भरवसा हा केवळ कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राचा गुण मानणे ही मोठी गफलत आहे. सुटे भाग, हात बसलेला कारागीर आणि नोंदी यांच्यावरही तो उभा असतो. 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली माझ्दा एमएक्स-5 या कसोटीवर सर्वांत सरस ठरते. वजन एक टनापेक्षा कमी, साधे 1.6 लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी शक्ती. यात गूढ काही नाही. 2016 मध्ये दहा लाखावी गाडी बनली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कुणाचा नाही. त्यामुळे सुटे भाग मुबलक मिळतात, आणि पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने उभारून देण्याचा उपक्रम जपानमध्ये कंपनीने स्वतःच हाती घेतला. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या क्रँकशाफ्टचा दोष आणि ब्रिटनमध्ये दाराखालच्या पत्र्याला लागणारा गंज एवढे दोन मुद्दे तपासले की बाकी चिंता कमी. इतक्या मोठ्या संख्येने बनलेली गाडी संग्राहकांच्या यादीत वर जात नाही, आणि तिचे मालक तरीही समाधानी असतात.

भारतात हा निर्णय आणखी अवघड होतो. एनएसएक्स आणि एमएक्स-5 इथे अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि शुल्क जबर असते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, पण त्या रोजच्या वापरासाठी नाहीत. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या हौशी माणसाला देशातच फिरणाऱ्या मोजक्या पोर्श, बीएमडब्ल्यू, ऑडी यांतून निवडावे लागते. इथे या गाड्या कमी चालतात, पावसाळाभर उभ्या राहतात, आणि अशा इंजिनांवर हात बसलेले मेकॅनिक चार-दोन शहरांतच सापडतात. कागदपत्रांचा धोका वेगळाच. सप्टेंबर 2025 मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळात भूतानमार्गे बेकायदा आणल्याचा आरोप असलेल्या महागड्या जुन्या गाड्यांवर मोठी कारवाई केली. त्यामुळे आयात केलेली गाडी असेल तर शुल्क भरल्याची कागदपत्रे, चासिस क्रमांक आणि नोंदणीचा इतिहास इंजिनाइतक्याच काळजीने तपासायला हवा.

खरेदीपूर्व तपासणीला लागणारा पैसा वाचवणे ही यातली सर्वांत महागडी काटकसर. त्या विशिष्ट गाडीवर काम केलेल्या, आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून ती करून घ्यावी. तेलाचा फिल्टर उघडून धातूचे कण आहेत का ते पाहावे, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का हे कॅमेरा घालून तपासावे, टायरवरच्या चार आकडी खुणेवरून आठवडा आणि वर्ष वाचावे. खरेदीच्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. तेवढे उरत नसेल, तर एक पायरी खालची गाडी शोधावी.

दुर्मीळपण आधी आणि देखभाल नंतर मोजण्याची बाजाराची ही उलटी रीत खरेदीदारांनाच बदलता येईल. विक्रीच्या जाहिरातींत रंग, किलोमीटर आणि मालकांची संख्या ठळक असते; बेल्ट, बेअरिंग, क्लच आणि ब्रेक ऑइल कधी बदलले याच्या तारखा विचारल्याशिवाय कळत नाहीत. गाडी पाहायला जाण्याआधीच या तारखा आणि त्यांच्या पावत्या मागण्याचा पायंडा प्रत्येक खरेदीदाराने पाडावा. पावती असलेल्या गाडीला थोडी जास्त रक्कम द्यायला मागेपुढे पाहू नये आणि नसलेल्या गाडीच्या किमतीतून त्या कामांचा पूर्ण खर्च वजा करावा. देखभालीला असा रोख भाव मिळू लागला, तर गाडी चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मालकाला ती झाकून ठेवणाऱ्यापेक्षा चांगले दाम मिळतील.