आज्ञा वेगळी, माहिती वेगळी

विद्यार्थी मित्रहो, तुमची नावे, पत्ते आणि गुण शाळेच्या संगणकात एका तक्त्यात साठवले आहेत, असे समजा. त्यातील नोंद बदलायची तर संगणकाला बहुधा एसक्यूएल या भाषेत आज्ञा द्यावी लागते. आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ती मांडली. मराठीत सांगायचे तर तिची आज्ञा अशी असते : आडनाव = 'पाटील' करा, जेथे हजेरीक्रमांक = १२.

पुष्कळ नवशिके आज्ञेचे तुकडे आणि वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर एकमेकांना चिकटवून हे वाक्य तयार करतात. माझ्या मते ही सवय पहिल्या धड्यापासूनच टाळली पाहिजे. का, ते पाहा.

वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या मुलाचे आडनाव डि'सूझा असते. त्यातील चिन्ह एसक्यूएलमध्ये ‘मजकूर संपला’ याची खूण आहे! संगणक ‘डि’पाशीच थांबतो, ‘सूझा’चा अर्थ त्याला लागत नाही आणि तो आज्ञाच नाकारतो. मुलाचा दोष काय? काहीच नाही.

दुसरा प्रकार याहून घातक आहे. हजेरीक्रमांकाच्या जागी कोणी ‘१२ किंवा १ = १’ असे टंकले तर? १ = १ हे प्रत्येक ओळीबाबत खरेच असते. मग क्षणात सारी शाळा पाटील होईल! या युक्तीला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. २०१५ साली ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती याच वाटेने चोरीस गेली. २०१६ साली कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला.

उपाय सोपा आहे. छापील अर्जात नावाच्या रकान्यात कोणी ‘सर्वांना फुकट तिकीट द्या’ असे लिहिले, तरी कारकून ते नावच समजतो. तसेच येथे करावे. आज्ञेत मूल्याच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवावे : आडनाव = ?, जेथे हजेरीक्रमांक = ?. मूल्ये त्याच क्रमाने वेगळ्या यादीत द्यावीत. पत्ताही बदलायचा असेल, तर प्रोग्रामने ‘पत्ता = ?’ हा तुकडा आज्ञेत आणि नवा पत्ता यादीत घालावा. रकान्यांची नावे मात्र प्रश्नचिन्हाने देता येत नाहीत. ती आपण आधी ठरवलेल्या यादीतूनच निवडावीत.

कोणी म्हणेल, ‘अवतरणचिन्ह दोनदा लिहिले की झाले!’ पण वरच्या ‘१ = १’ मध्ये अवतरणचिन्ह आहेच कोठे? शिवाय शंभर ठिकाणी आठवणीने करायची गोष्ट एका ठिकाणी तरी विसरतेच. सुरक्षितता स्मरणशक्तीवर सोपवू नये. ती रचनेतच असावी.

तेव्हा मित्रहो, तुमचा प्रोग्राम दहा ओळींचा असला तरी आज्ञा आणि माहिती वेगळ्याच ठेवा. छोट्या प्रोग्रामात लागलेली सवयच पुढे मोठ्या प्रोग्रामात उतरते.