सात वाजताचा भोंगा

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर पालकांची झुंबड उडते. पुस्तके कागदाची, पण पैसे मोबाइलवरून जातात आणि शाळा सुरू झाली की गृहपाठही अनेकदा व्हॉट्सॲपवरच येतो. तंबाखू कायमची सोडता येते. मोबाइल तसा सोडता येत नाही. त्याच्यापासून मुलांना दूर ठेवण्याच्या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे.

‘व्यसन’ हा शब्द मात्र आपण फार सैल वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे. निदानासाठी ती साधारण वर्षभर टिकलेली असावी लागतात. म्हणजे मुलगा रोज दोन तास रील्स पाहतो, एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही. पण झोप, अभ्यास आणि घरातला संवाद बिघडायला आजारी पडावेच लागते असे नाही.

यात दोष केवळ मनोनिग्रहाच्या अभावाचा नाही. पुस्तकाचे पान संपते, रील्सची रांग संपत नाही. शिवाय पुढे काय येईल हे ठाऊक नसते. बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज नसला की प्राणी तीच कृती चिकाटीने करत राहतात, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले होते. त्यात सगळे मित्र ग्रुपवर असताना एकट्याने बाहेर पडणे म्हणजे वाळीत पडल्यासारखेच.

म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा २०२२मध्ये गावाने ठरवले, की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तास वाचन, अभ्यास, गप्पा. कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. मग आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. भोंगा वाजला की शेजारच्याचाही फोन बंद असतो, त्यामुळे मुलाचे काही हुकत नाही. आणि आईची मालिकाही थांबलेली असते! त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच, पण मोठ्यांना मोकळीक देऊन फक्त मुलांवर बंदी घालणे मला तरी पटत नाही.

औरंगपुऱ्याच्या चौकात भोंगा वाजवला तर हॉर्नच्या गोंगाटात ऐकूही येणार नाही. पण एखादी सोसायटी, एखादी गल्ली, एका वर्गाचे पालक मिळून वेळ ठरवू शकतात. शाळांनाही एक करता येईल: गृहपाठाचा संदेश संध्याकाळी सातच्या आत. तो रात्री नऊला येणार असेल, तर ‘मोबाइल ठेव’ म्हणणाऱ्या आईकडे उत्तर उरत नाही.

ज्या घरात गोष्ट याच्याही पुढे गेली आहे, फोन काढून घेतल्यावर मूल अंगावर धावून येते किंवा शाळाच सोडते, तिथे वेळापत्रक पुरणार नाही. अशांसाठी शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.