खापरांची साक्ष

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने तापीकाठी सापडलेला, काळ्या रेघांचा एक खापराचा तुकडा मोठ्या अभिमानाने वर्गात आणला. “नेमका कोठे मिळाला? मातीत किती खोल होता?” असे आम्ही विचारले, तेव्हा त्यास काही सांगता येईना. तुकडा हाती होता. त्याची कहाणी मात्र नदीकाठीच राहिली होती.

खापरास कहाणी असते, हे पुष्कळांस पटत नाही. ग्रीस देशातील फार्सालस येथे इ. स. पू. ५८० च्या सुमाराच्या एका रंगीत भांड्याचे खापर मिळाले. त्यावर रथाचे दौडते घोडे आहेत, पायऱ्यांवर बसून हातवारे करणारे प्रेक्षक आहेत, आणि या पॅट्रोक्लसच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यती होत, असे लिहिलेले आहे. चित्रकार सोफिलोस याने आपले नावही घातले आहे. एवढ्याशा खापराने ते अडीच हजार वर्षांहून अधिक काळ जपले!

रथ आपल्याकडेही आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाची मुळे खणताना ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा मिळाले. एकंदर वजन ६० किलोंहून अधिक. तरीही या अमोल रथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; कारण तो मातीचे थर पाहत केलेल्या उत्खननात मिळालेला नाही. उलट, पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात एका मातीच्या भांड्यावर ओरखडून काढलेली बैलगाडी आढळली. रेघा ओबडधोबड खऱ्या. परंतु ती ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीतच मिळाल्यामुळे तिची साक्ष पक्की ठरते. धातूच्या रथाहून मातीवरची गाडी अधिक ठामपणे बोलते, ती अशी.

कोणी म्हणेल, मुलाने तुकडा उचलला नसता तर तो पुरात वाहून गेला असता. हे खरे आहे. म्हणून आम्ही कुतूहलास दोष देत नाही, उतावळेपणास देतो. विद्यार्थिमित्रहो, असे काही दिसल्यास ते जागचे हलवू नका. जागेची खूण लिहा, चित्र काढा, आणि शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवा. खिशात घातलेले खापर मुके होते. जागेवर राहिलेले बोलते.